औषधांचा डबा आणि शिलकेचा ताळा



गेल्या अंकात बँकेतील लॉकर आणि नामनिर्देशन यांविषयी लिहिले होते. त्यावर काही वाचकांनी विचारले की, घरातील आणखी कोणत्या गोष्टीची अशी वर्षातून एकदा तपासणी करावी? विचार करता मला दागिने किंवा ठेवपावत्या आठवल्या नाहीत. आठवला तो स्वयंपाकघरातील फडताळावर ठेवलेला, एकेकाळी बिस्किटांचा असलेला, पत्र्याचा डबा. आपल्या बहुतेक घरांत तो असतो. त्यात तापाच्या, डोकेदुखीच्या, सर्दीच्या, पित्ताच्या गोळ्या असतात आणि तो भरलेला आहे, एवढ्यावरच घरातील सर्व जण निश्चिंत असतात. मीही होतो. ऑगस्ट २०१९ पर्यंत.

त्या महिन्यात सांगलीत कृष्णेला आलेला पूर येथील कोणीही विसरलेले नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी त्या वेळी ५७ फुटांच्याही वर गेले. बाजारपेठेतील दुकाने, गोदामे, हळदीची पोती, वह्या, सारे पाण्यात. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत असल्याने पाण्यापासून वाचलो, परंतु वीज गेली, दूरध्वनी बंद पडले आणि खाली रस्त्यावर पुरुषभर पाणी. तळमजल्यावरील शेजारी आमच्याकडे वर आले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी तीन वर्षांच्या नातवाला जुलाब सुरू झाले. रात्रीपर्यंत सहा-सात वेळा झाले आणि मूल मलूल पडू लागले. परिसरातील औषधांची दुकाने तर आमच्या दुकानाप्रमाणेच पाण्याखाली होती.

मी विजेरीच्या उजेडात तो डबा उपडा केला. मोजली तेव्हा एकूण ४३ पाकिटे निघाली. त्यांपैकी १९ ची मुदत संपलेली होती. आठ पाकिटे अशी की, गोळ्या कापून घेताना मुदतीचा भागच कापला गेला होता. औषधाचे नावही अर्धवट. सूनबाईंना दोन वर्षांपूर्वी लिहून दिलेल्या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या, कोणाच्या तरी मानदुखीचे मलम, तळाशी झाकण चिकटलेली खोकल्याची बाटली. क्षारसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी मात्र एकही नव्हती. अखेर जुलाब थांबवण्याच्या गोळ्यांचे पाकीट सापडले, मुदतीतले. मोठ्याला एक, तर मुलाला पाव, असा हिशेब मनाशी करून मी गोळी तोडूही लागलो.

तळमजल्यावरून वर आलेल्या शेजारीणबाई निवृत्त परिचारिका आहेत. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "भाऊ, ही गोळी लहान मुलाला नाही द्यायची. आतडे थांबेल, पोट फुगेल, मूल गुंगीत जाईल. जुलाब थांबवायचे नाहीत, गेलेले पाणी भरून काढायचे. उकळलेले पाणी आहे ना घरात?" आपल्या घरात गाळून उकळलेले पाणी नसेल असे कसे होईल? एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, असे त्यांनी स्वतः मोजून घातले आणि रात्रभर दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा पाजावयास लावला. उलटी झाली की दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू. पहाटे मुलाने लघवी केली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता झोपा." पुढच्या दिवशी नावेने बाहेर पडलो आणि निवारा केंद्रातील डॉक्टरांनी तपासून मूल ठीक असल्याचे सांगितले.

पस्तीस वर्षे मी इतरांचे ताळेबंद तपासले. कागदावर मालमत्ता भरपूर आणि प्रत्यक्षात वसूल होण्याजोगी काही नाही, अशी कितीतरी खाती पाहिली. त्या रात्री तसे खाते माझ्याच फडताळावर होते. पाण्यामुळे नातवाच्या जिवाला जेवढा धोका होता, त्याहून अधिक माझ्या हातातील त्या पाव गोळीमुळे होता, ही गोष्ट मला आजही खुपते.

व्यापारी मनुष्य दुकानात माल भरताना मागणी कशाला आहे ते पाहतो, जुना माल आधी काढतो आणि पडून राहिलेल्या मालाला माल म्हणत नाही. तोच मनुष्य घरी आल्यावर उरलेली प्रत्येक गोळी डब्यात टाकतो, कारण फेकणे त्याच्या जिवावर येते. माझ्या मते हा डबा सुधारण्याची पहिली पायरी खरेदीची नसून निर्लेखनाची आहे. मुदत संपलेली, नाव न वाचता येणारी, आणि कोणत्यातरी मागील आजाराची उरलेली सर्व औषधे बाहेर काढावीत. पाकिटावर केवळ महिना आणि वर्ष छापलेले असते; त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध चालते, असा त्याचा अर्थ. डोळ्यांत घालण्याच्या थेंबांची बाटली उघडल्यावर साधारण महिनाभरात टाकून द्यावी, छापलेली मुदत कितीही पुढची असो. टाकताना गोळ्या पाकिटातून काढून वापरलेल्या चहाच्या चोथ्यात मिसळाव्यात आणि पिशवी बांधून कचऱ्यात द्याव्यात. मोरीत किंवा नाल्यात ओतू नयेत; ते पाणी शेवटी नदीला जाते आणि त्या पाण्यातील जीवांचा विचार आपण नाही करायचा तर कोणी?

येथे एक कडू गोष्ट लिहितो. आपल्या परंपरेत आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान यांचे माहात्म्य मोठे आहे. परंतु घरात नको झालेल्या, मुदत संपत आलेल्या गोळ्या पिशवीत भरून धर्मादाय दवाखान्याच्या पेटीत टाकणे म्हणजे औषधदान नव्हे. मी अशा एका दवाखान्याचा हिशेब काही काळ पाहत असे. तेथील स्वयंसेवकांचा निम्मा वेळ या पिशव्या निवडण्यात जाई. आपण स्वतः घेणार नाही ते दुसऱ्याला देऊ नये. द्यायचेच असेल तर दवाखान्याला यादी विचारावी आणि नवे घ्यावे.

आता डब्यात राहू द्यावे असे काय? आपल्या देशात चिठ्ठीशिवाय विकावयाच्या औषधांची वेगळी अशी कायदेशीर यादी नाही. म्हणून ग्राहकाने स्वतः एक खूण लक्षात ठेवावी. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावयाचे. प्रतिजैविके त्यांत येतात. अशी उरलेली पाकिटे 'पुढे उपयोगी पडतील' म्हणून ठेवू नयेत. अर्धवट घेतलेल्या प्रतिजैविकाने जंतू मरत नाहीत, उलट शहाणे होतात. बँकेत लाल शाईने लिहिलेल्या आकड्याकडे आपण दुर्लक्ष करत नव्हतो, मग इथे का करावे?

लाल रेघ नसलेल्या औषधांत पहिले स्थान ओआरएसचे. माझ्या डब्यात आता सहा पुड्या असतात. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या असताना, मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी पाजून पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले, तेव्हापासून या साध्या पाण्याचे सामर्थ्य जगाला पटले. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. एवढी मोठी गोष्ट, पण घरात तिचीच सर्वाधिक हेळसांड होते. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलिलिटरसाठी. पुडीवर लिहिलेले माप वाचावे आणि पूर्ण पुडी एकाच वेळी कालवावी. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात घातली तर मिठाचे प्रमाण मुलाला घातक ठरू शकते. अर्धी पुडी अंदाजाने घातली तर उपयोग उणावतो. कालवलेले पाणी २४ तासांनंतर ओतून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे, असे साधारण प्रमाण आहे. घरचे मीठ-साखरेचे पाणी हा पुडी मिळेपर्यंतचा आधार. त्यात मीठ जास्त पडण्यापेक्षा कमी पडलेले बरे.

दुकानात फळांच्या चवीची, साखरेने गोड केलेली तयार पेये आकर्षक खोक्यांत मिळत आणि त्यांवर ओआरएस अशी अक्षरे मिरवत असत. त्या पेयांतील साखर आणि क्षार यांचे प्रमाण प्रमाणित सूत्राप्रमाणे नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ती अक्षरे वापरण्यास मनाई केली. तरीही घेताना वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, हे पाहून घ्यावे.

दुसरे औषध पॅरासिटामॉल. इतके परिचयाचे की, ते औषध आहे हेच आपण विसरतो. इथे मला खतावणीतील सर्वात नेहमीची चूक दिसते: एकच रक्कम दोनदा नावे पडणे. समजा, घरातील कोणी ताप आला म्हणून ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा घेतली. २६०० मिलिग्रॅम झाले. सर्दीही आहे म्हणून सर्दीची मिश्र गोळी तीनदा घेतली. तिच्यातही बहुधा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. आणखी १५०० झाले. एकूण ४१००. प्रौढ व्यक्तीसाठी २४ तासांची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे. वृद्ध, कृश आणि यकृताचा विकार असलेल्यांसाठी ती त्याहूनही कमी. त्या व्यक्तीला आपण काही जादा केले असे वाटतही नाही, कारण पाकिटांवरची मोठ्या अक्षरांतील नावे भिन्न असतात. म्हणून खालची बारीक अक्षरे वाचावीत. कर्जाच्या करारातील बारीक अक्षरे वाचा, असे मी आयुष्यभर सांगत आलो. औषधाच्या बाबतीत तो सल्ला मला स्वतःलाच उशिरा सुचला.

मुलांच्या बाबतीत हिशेब वयाचा नसून वजनाचा असतो: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळी, आणि दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर. बारा किलोच्या मुलाला १२० ते १८० मिलिग्रॅम. आता बाजारात एक पातळ औषध असे मिळते की, पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असते. दुसऱ्यात तेवढ्याच पाच मिलिलिटरमध्ये २५०. आणि तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांत एकाच मिलिलिटरमध्ये १००. म्हणजे पहिल्याचे पाच मिलिलिटर योग्य, दुसऱ्याचे तेवढेच दिले तर प्रमाणाबाहेर, आणि थेंबांच्या बाटलीतून पाच मिलिलिटर दिले तर मोठ्या माणसाची अख्खी गोळी पोटात गेली. थेंब बाळासाठी असतात म्हणून ते सौम्य असतील, हा समज अगदी उलटा आहे. घरात मुलासाठी यांतील एकच प्रकार ठेवावा, बालरोगतज्ज्ञांकडून मिलिलिटरमधील मात्रा लिहून घ्यावी, आणि वजन वाढेल तशी ती बदलून घ्यावी. मोजण्यासाठी बाटलीसोबतचे टोपणच वापरावे. स्वयंपाकघरातील चमचे प्रत्येक घरात वेगळ्या मापाचे असतात.

पॅरासिटामॉलव्यतिरिक्त इतर वेदनाशामके, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक इत्यादी, मी घरच्या डब्यातून पूर्णपणे काढली. रक्तदाब, मूत्रपिंड आणि जठर यांची तक्रार असलेल्यांना ती बाधतात, आणि पावसाळ्यातील तापात, डेंग्यू असेल तर, रक्तस्रावाचा धोका वाढवतात. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. खोकल्याची औषधे तर लहान मुलांसाठी घरात ठेवूच नयेत. २०२५ साली छिंदवाडा भागात दूषित खोकल्याच्या औषधाने बालके दगावली, त्यानंतर केंद्रीय आरोग्य महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना सहसा देऊ नयेत, असे पुन्हा बजावले.

याशिवाय ॲलर्जीसाठी सेटिरिझिनच्या गोळ्या (घेतल्यावर गाडी चालवू नये), आम्लपित्तासाठी साधे पातळ औषध, पोव्हिडोन आयोडीनचे मलम, जंतुरहित जाळीचे कापड, पट्टी, चिकटपट्टी, कात्री आणि थर्मामीटर. दुकानात आणि गोदामातही असा एक छोटा डबा हवा. पोती उचलणाऱ्या हमालाच्या हाताला तार लागली तर घरून डबा आणण्याइतका अवधी नसतो. भाजल्यास मलम नंतर. आधी वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी. कुत्रा चावल्यास पंधरा मिनिटे साबण आणि पाण्याने जखम धुवून त्याच दिवशी लस.

आपल्या वाचकांपैकी अनेकांचा प्रश्न वेगळाच असतो, तो म्हणजे औषधातील घटकांचा. खाद्यपदार्थांवर हिरवी खूण बंधनकारक आहे, औषधांवर ती नाही. बहुतेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून केलेले असते. त्यामुळे घरात साठवावयाचे औषध निवडताना, शक्य तेथे गोळी किंवा चूर्ण घ्यावे. वनस्पतिजन्य कवचाच्या कॅप्सूलही मिळतात, औषधविक्रेत्याला विचारावे. खोकल्याच्या 'नैसर्गिक' म्हणवणाऱ्या काही औषधांत मध असतो आणि आयुर्वेदिक आसव-अरिष्टांत आंबण्याच्या क्रियेतून मद्यांश येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. साठा करताना सवड असते, म्हणून ही पारख तेव्हाच करावी. प्रत्यक्ष आजारात डॉक्टरांनी कॅप्सूलच लिहून दिली आणि पर्याय हाताशी नसेल, तर रुग्णाला ताटकळत ठेवून शोधाशोध करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांचा चौविहार आहे त्यांनी रात्रीच्या औषधाविषयी आगार ठेवावा की नाही, हे आजारात ठरवण्यापेक्षा नियम घेतानाच महाराजसाहेबांना विचारून घ्यावे. पर्युषणात उपवास धरणाऱ्या मधुमेही मंडळींनी गोळ्यांचे काय करावयाचे, हे आठवडाभर आधी डॉक्टरांकडून लिहून आणावे. स्वतःच्या मनाने गोळी चालू ठेवली तर उपाशीपोटी साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, आणि बंद केली तर चढते.

पुराच्या त्या दिवसांत इमारतीतील खरी धावपळ मात्र वेगळ्याच औषधांसाठी झाली. रक्तदाबाची, मधुमेहाची, थायरॉइडची रोजची गोळी तीन जणांची संपली होती. आपण महिन्याची औषधे महिना संपल्यावर आणतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच तो प्रकार. आमच्या घरी आता रोजच्या औषधांचा पंधरा दिवसांचा राखीव साठा असतो. नवे पाकीट आले की राखीवमधील जुने वापरात येते आणि नवे मागे जाते, म्हणजे मुदत कधी संपत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात डब्यातच ठेवली आहे. ज्यांच्याकडे इन्सुलिन आहे त्यांनी वीज गेल्यास ते ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावे. बर्फाला चिकटवून ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

डब्याचा एक धोका सांगायचा राहिला, आणि व्यापारी घरांत तो मला फार दिसतो. गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या छातीत जळजळते, घाम येतो, डावा हात किंवा जबडा दुखतो. घरून सांगावा येतो, "गॅस झाला असेल, पित्ताची गोळी घ्या." दिवाळीच्या गर्दीत दुकान सोडवत नाही. माझ्या एका जुन्या खातेदाराने अशाच पित्ताच्या दोन गोळ्या घेऊन सायंकाळपर्यंत वाट पाहिली. त्याची मुदतठेव वारसांच्या नावे करताना मीच सही केली. अशी लक्षणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, श्वास लागणे, शौचातून रक्त, किंवा जुलाब झालेल्या मुलाने सहा तासांत लघवी न करणे: यांपैकी काहीही असेल तर डबा उघडूच नये, १०८ क्रमांक फिरवावा. आमच्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हाच मजकूर मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे. त्याखाली नातवाचे वजन आणि पॅरासिटामॉलची मात्रा. वजन दर सहा महिन्यांनी खोडून नवे लिहिले जाते.

तपासणीसाठी आम्ही दोन दिवस ठरवले आहेत: पावसाळ्यापूर्वीचा म्हणून अक्षय्य तृतीया आणि वहीपूजनाचा म्हणून दिवाळी. एका जुन्या वहीत औषधाचे नाव, संख्या, मुदत असे तीन रकाने आखले आहेत. डबा आता स्वयंपाकघरातील उष्णतेपासून दूर, माजघरातील कपाटात, मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या कप्प्यात असतो. गेल्या दिवाळीला सूनबाई मोजत होत्या आणि मी लिहीत होतो. ओआरएसच्या पुड्या सहाऐवजी चारच निघाल्या. विचारल्यावर कळले की, दोन पुड्या तळमजल्यावरच्या ताईंच्या नातीसाठी गेल्या होत्या. वहीत तशी नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी दोन आणून ठेवल्या.